'आज रात्री मोठा भूकंप' असा मेसेज आला तर काय तपासायचं? सीमाभागातल्या घरांसाठी

कोयनेकडे किंवा विजयपूरकडे जमीन हलली की बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी पट्ट्यात तासा-दोन तासांत मेसेज फिरू लागतो: 'आज रात्री दोन ते चारच्या दरम्यान मोठा धक्का, सर्वांनी बाहेर झोपावे.' तो पुढे पाठवण्याआधी त्यात तीन गोष्टी शोधा: नेमकं ठिकाण, नेमकी मुदत आणि किती तीव्रतेचा भूकंप. तिन्हींपैकी एक जरी मोघम असेल तर त्याला भाकीत म्हणत नाहीत. 'येत्या आठवड्यात भारतात किंवा शेजारी 5 चा भूकंप' असं कुणीही सांगावं. जगात 5 च्या वरचे भूकंप वर्षाला हजाराहून जास्त होतात, आणि हिंदुकुश, नेपाळ, अंदमान आपल्या शेजारातच आहेत. तीर कुठेतरी लागणारच.

उलट तिन्ही गोष्टी अगदी नेमक्या दिल्या असतील, 'बेळगाव, पहाटे 3.10, 8.2', तर आकड्याकडे बघा. 8 च्या भूकंपाला शेकडो किलोमीटर लांबीची फाट, म्हणजे जमिनीखालच्या कातळातली भेग, सरकावी लागते. तेवढी लांब फाट आपल्याकडे माहीत नाही. 6 च्या आसपासच्या भूकंपाला दहा-पंधरा किलोमीटर पुरतात. आपल्याकडे भीती धरायचीच तर ती 6 च्या आसपासच्या धक्क्याची, आणि तेवढ्याने काय होतं ते किल्लारीने दाखवलं आहे.

आता तारीख का सांगता येत नाही ते बघू. फाटेवरचा ताण वर्षानुवर्षं साठतो, पण तो किती साठलाय हे सात-आठ किलोमीटर खाली जाऊन कुणी मोजलेलं नसतं. सरकायला सुरुवात झाली की ती 3 वर थांबणार की 6 पर्यंत धावणार, हे सुरुवातीच्या क्षणाला कळत नाही. दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच फाटा काळ्या कातळाच्या जाड थराखाली झाकलेल्या आहेत. वरून ना दरी दिसते, ना भेग.

किल्लारीत ऑगस्ट ते ऑक्टोबर 1992 मध्ये छोटे धक्के बसत होते. मग ते थांबले. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि साधारण अकरा महिन्यांनी, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3.56 ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, 6.2 चा भूकंप झाला. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा धरलेला होता. याच्या उलट पालघर-डहाणूत नोव्हेंबर 2018 पासून शेकडो धक्के बसले, पण मोठा भूकंप आला नाही. दोन्हीकडे पहिल्या महिन्यातलं चित्र सारखंच. जगभरचा ढोबळ हिशोब असा, की एखाद्या धक्क्यामागून काही दिवसांत त्याहून मोठा धक्का येण्याची शक्यता सुमारे 5 टक्के असते. म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव वेळा 'बाहेर झोपा' म्हणणारा चुकतो, आणि पाच वेळा 'काही होत नाही' म्हणणारा.

'छोटे धक्के बसतात ते बरंच, ताण निघून जातो,' हे कट्ट्यावर हमखास ऐकू येतं. ते चूक आहे. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते. 6 च्या एका भूकंपाची ऊर्जा बाहेर पडायला 4 चे जवळपास हजार धक्के लागतील. कुत्री रडली म्हणून भूकंप झाला, याचंही तसंच. कुत्री रोजच रडतात, भूकंपाच्या आदल्या रात्रीची तेवढी लक्षात राहतात.

कोयना हा थोडा वेगळा मामला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा 6.3 चा भूकंप धरणाच्या पाण्याशी जोडला गेला, आणि वारणा धरण भरल्यावर दक्षिणेकडेही धक्के वाढले. सगळा प्रकार जेमतेम 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यात घडतो, म्हणून तिथे यंत्रांची जाळी दाट आहे. पावसाळ्यात तलाव भरल्यावर आणि हिवाळ्यात पाणी उतरताना धक्के वाढलेले दिसतात. पाण्याची पातळी आठवड्यात 12 मीटरहून जास्त वाढणं ही 5 च्या भूकंपासाठी तिथे आवश्यक अट दिसली, पण ती पुरेशी नाही: पाणी तसं चढूनही भूकंप न झाल्याची वर्षं आहेत. मे 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी 16 तारखेला अंदाज दिला आणि 21 तारखेला 4.2 चा धक्का बसला. एवढी यंत्रं, एवढा छोटा भाग, तरी पकडता आला तो 4 चा धक्का. हिडकल धरणाबद्दल विचारणाऱ्यांसाठी: नुसतं धरण असून भागत नाही. पाण्याची खोली लागते आणि खाली आधीच ताणलेली फाट लागते.

धक्का बसल्यावर आकडा पाहायचा तो राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर, किंवा कर्नाटक राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राकडे. दोघांच्या आकड्यांत दोन-तीन दशांशांचा फरक पडतो. त्यात लपवाछपवी नसते, केंद्रं वेगळी आणि मोजणीची पद्धत वेगळी. खोली नेमकी 5 किंवा 10 किलोमीटर लिहिली असेल तर बऱ्याचदा ती गृहीत धरलेली असते.

अंतराचा अंदाज तुम्हालाही घेता येतो. आधी एक हलका ठोका येतो: खिडकीची काच किंवा मांडणीवरची भांडी किणकिणतात. मग आडवा हेलकावा सुरू होतो. दोन्हींमधले सेकंद मोजा आणि 8 ने गुणा, आलेला आकडा म्हणजे किलोमीटर. कोयना निपाणीपासून सुमारे 130 किलोमीटर, म्हणजे सुमारे 16 सेकंद. बेळगावला सुमारे 190, म्हणजे सुमारे 24. दोन-तीन सेकंदांतच हेलकावा आला, तर धक्का जवळचाच.

मोबाईलवरचा इशारा हे भाकीत नव्हे. भूकंप झालेला असतो, फक्त जोराच्या लाटा तुमच्यापर्यंत पोचायच्या असतात. त्या सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर चालतात, म्हणजे कोयनेहून निपाणीला 37 आणि बेळगावला 54 सेकंद. ओळखायला आणि पाठवायला लागणारा वेळ वजा करून जे उरतील ते तुमचे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षितता आणि आणीबाणी या भागात भूकंपाचे इशारे चालू आहेत का ते आजच बघा. ही सोय भारतात सप्टेंबर 2023 पासून आहे, त्याला इंटरनेट आणि लोकेशन चालू लागतं. भूकंप तुमच्याच तालुक्याखाली झाला तर मात्र इशाऱ्याआधी भिंत हलेल. इशाऱ्यानंतर मिळालेल्या सेकंदांत स्लॅबच्या घरात भक्कम टेबलाखाली जा, डोकं झाका. दगड-मातीच्या घरात असाल आणि दार चार पावलांवर असेल तर अंगणात, भिंतीच्या उंचीपेक्षा लांब.

तारीख कळत नाही, पण कुठली भिंत पडणार हे आधी सांगता येतं. 2002 च्या भूकंप नकाशात बेळगाव झोन 3 मध्ये आहे, म्हणजे इथे मध्यम हादरा गृहीत धरूनच घर बांधायचं असतं. जुन्या दगडी भिंतीला आत एक आणि बाहेर एक असे दोन पापुद्रे असतात, मध्ये खडी-मातीचं भरण. हादऱ्यात पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा फुगतो आणि कोसळतो. म्हणून भिंतीच्या आरपार जाणारे दगड लागतात: उंचीत दर 60 सेंटिमीटरला, लांबीत 1.2 मीटरच्या आत एक. जुन्या भिंतीत ते नसतील तर जपून आरपार भोक पाडतात, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली 8 मिलिमीटरची सळई घालतात आणि काँक्रीट भरतात. एका वेळी एकच भोक, आणि तेही पहारीने दणके न घालता. घाई केली तर गवंड्याच्या हातूनच पापुद्रा सुटतो.

नव्या घरात दारं-खिडक्यांच्या वर सलग पट्टी घ्या: जाडी 75 मिलिमीटर, 10 मिलिमीटरच्या दोन सळया, 6 मिलिमीटरच्या रिंगा दर 15 सेंटिमीटरवर. पट्टी चारही भिंतींवरून अखंड फिरली पाहिजे. खर्च वाचवायला फक्त दारा-खिडकीच्या मोकळ्या जागेवरच तुटक लिंटल टाकतात, त्याचा भूकंपात उपयोग शून्य. कोपऱ्यात सळया नुसत्या टेकवू नका, वळवून पुढच्या भिंतीत न्या. कौलारू घरात त्रिकोणी भिंतीचा माथा आढ्याला बांधलेला नसेल तर सर्वांत आधी तोच पडतो.

धक्क्यानंतर भेग दिसली तर तिच्यावर आडवी, तळहाताएवढी प्लास्टरची पट्टी थापा आणि सुकल्यावर तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग वाढते आहे. पण अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात जमीन आटून भेगा रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटतात. म्हणून एप्रिलमध्ये तडकलेली पट्टी भूकंपाच्या खात्यावर मांडू नका, ऑगस्टपर्यंत थांबा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, वर्षभर न मिटणारी भेग किंवा फुगलेली भिंत असेल, तर त्या खोलीत झोपणं बंद करा आणि इंजिनिअरला दाखवा.