कुंपणापलीकडच्या गप्पा: इंग्लंडात नवीन आलेल्यांसाठी

घर मिळालं, बँकेत खातं उघडलं, डॉक्टरकडे नाव नोंदवलं, की मग खरी पंचाईत सुरू होते: शेजाऱ्याशी रोज बोलायचं काय? इंग्रजी उत्तम येणारी माणसंही इथे अडकतात. आपल्याकडे ओळख घरात येऊन, बसून, चहा घेऊन वाढते. इथे ती दारात, कुंपणाशी, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना, दोन-दोन मिनिटांच्या हप्त्यांनी वाढते. हप्ते चुकवले नाहीत तर वर्षभरात ओळख पक्की होते, आणि त्यातले निम्मे हप्ते तरी बागेत भरले जातात.

सुरुवात हवेपासून. “लव्हली डे, इझंट इट?” हा रामराम आहे. उत्तर देताना आधी होकार द्यायचा, मग आपली एक बारीकशी भर घालायची: “हो ना, कपडे बाहेर वाळत घातलेत.” बस्स. नवीन माणसाची चूक ठरलेली असते. शेजारी २८ अंशांत घामाघूम झालेला असतो आणि आपण सांगतो, “याला काय ऊन म्हणायचं, आमच्या नागपूरला ४५ असतं.” तिथे बोलणं संपतं. शिवाय त्याचं म्हणणं खरंच असतं. इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, छताला पंखा नाही, वातानुकूलन क्वचितच. १९ जुलै २०२२ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले, तो आजवरचा उच्चांक. त्या दिवसाबद्दल विचारा, प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. उन्हाळ्यात दिवसा पडदे ओढून ठेवायचे आणि रात्री खिडक्या उघडायच्या, ही आपल्या आजीची युक्ती मात्र जरूर सांगा, ती आवडीने ऐकली जाते.

पावसाबद्दल एक आकडा ध्यानात ठेवा. लंडनला वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. फरक इतकाच, की आपला चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि इथला बारा महिने भुरभुरतो. तरीही हे गणित शेजाऱ्याला ऐकवू नका. हवेची तक्रार त्यांनी करायची आणि आपण “हो ना” म्हणायचं.

“यू ऑलराइट?” असं कुणी विचारलं तर तब्येतीचा पाढा वाचू नका. “येस, यू?” एवढं पुरतं. “नॉट टू बॅड” म्हणजे उत्तम चाललंय. “एकदा या ना घरी” याला दिवस आणि वेळ जोडलेली नसेल तर ते आमंत्रण नाही, सदिच्छा आहे. वाट बघत बसून वाईट वाटून घेऊ नका. “टी”चं बोलावणं आलं तर वेळ नक्की विचारा. दुपारी चारची असेल तर चहा आणि केक. उत्तरेकडे, यॉर्कशायर-लँकेशायरच्या बाजूला, साडेपाच-सहाची असेल तर ते रात्रीचं जेवण असतं, तेव्हा घरून जेवून जाऊ नका. पगार, वय, लग्न, मूल कधी, घर केवढ्याला घेतलं, हे प्रश्न पहिल्या वर्षी नकोतच. कुत्र्याचं नाव मात्र पहिल्याच दिवशी विचारा आणि लक्षात ठेवा. मालकाचं विसरलात तरी चालून जाईल.

आता बाग. “तुमची बाग छान आहे” हे वाक्य फुकट जातं. झाडाचं नाव घेऊन बोललात तर माणूस फावडं टेकवून थांबतो. त्यासाठी महिन्यागणिक एक-दोन फुलं ओळखता आली की झालं: जानेवारी-फेब्रुवारीत स्नोड्रॉप, मार्चात डॅफोडिल, एप्रिलमध्ये ट्यूलिप, मेमध्ये भिंतीवरून लोंबणारी जांभळी विस्टेरिया, जूनमध्ये गुलाब, जुलैपासून हायड्रेंजिया आणि थंडीचा पहिला कडाका पडेपर्यंत डेलिया. मग एक प्रश्न विचारा, “याची छाटणी कधी करता?” यावर दहा मिनिटं सहज जातात. उत्तर आधीच ठाऊक असलेलं बरं. गुलाब हिवाळा सरताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटतात. हायड्रेंजियाची वाळलेली फुलं हिवाळाभर झाडावरच ठेवतात, कारण त्यांच्या आडोशाने खालचे कोंब थंडीतून वाचतात. ती वसंतात काढायची. नवीन भाडेकरू ऑक्टोबरात साफसफाई म्हणून सगळं कापतात आणि पुढच्या वर्षी फूल धरत नाही.

स्वतःची बाग लावायची तर शेवटचं दहिवर कधी गोठतं, ती तारीख आधी विचारा. इंग्लंडच्या बऱ्याच भागात मेच्या मध्यापर्यंत रात्री दहिवर गोठू शकतं. एप्रिलमध्ये चार दिवस ऊन पडलं म्हणून टोमॅटो-मिरचीची रोपं बाहेर काढली की एका रात्रीत काळी पडतात. मिरचीचं बी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात उबदार जागी पेरायचं आणि रोप मेअखेरीस किंवा जूनमध्ये बाहेर न्यायचं. उशीर केला तर मिरच्या लागतात, पण पिकायच्या आत थंडी येते.

कोथिंबिरीने सगळेच हैराण होतात. जूनमध्ये ती हातभर वाढते, पानं बारीक होतात आणि फुलावर येते. दोष मातीचा नसतो. इथला जूनमधला दिवस सोळा तासांचा असतो, त्यात कुंडी एकदा कोरडी पडली की रोपटं घाईने बी धरायच्या मागे लागतं. उपाय असा: धणे रगडून त्यांची दोन दलं करा, खोल कुंडीत सेंटीमीटरभर खाली पेरा, रोप उपटून दुसरीकडे लावू नका, अर्धा दिवस सावली येईल अशा जागी ठेवा आणि दर तीन आठवड्यांनी नवी मूठभर पेरणी करा. मेथी त्यामानाने गुणी. स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून मे ते ऑगस्टमध्ये पेरले की चार-पाच आठवड्यांत जुडी निघते.

दोन्हींचा शत्रू एकच, बिनशंखाची गोगलगाय, म्हणजे स्लग. संध्याकाळी तरारलेली मेथी सकाळी नुसत्या देठांवर उभी दिसली तर हेच झालेलं असतं. रात्री दहाला टॉर्च घेऊन वेचणं हा सर्वात खात्रीचा इलाज. मेटाल्डीहाइडच्या जुन्या गोळ्या शेडमध्ये सापडल्या तरी वापरू नका, त्यांच्यावर २०२२ च्या वसंतापासून बंदी आहे. फेरिक फॉस्फेटच्या चालतात. “स्लग्जचं काय करता?” या प्रश्नाने सगळ्यात अबोल शेजारीही बोलता होतो.

तुळस आणि कढीपत्ता रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जायला लागलं की आत घ्या, दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा. हिवाळ्यात कढीपत्ता पानं गाळतो तो उजेड कमी पडतो म्हणून. त्याला पाणी कमी पडतंय असं समजून रोज ओतलं तर मुळं कुजतात. रोपं किंवा पेरायचं बी भारतातून सामानात आणू नका, त्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं.

कुंपणाचे दोन नियम पाळा. शेजाऱ्याची फांदी आपल्या हद्दीत आली तर हद्दीपर्यंत कापता येते, पण कापलेली फांदी आणि तिच्यावरची फळं त्याची. परत न विचारता पलीकडे फेकायची नाहीत, आणि कापण्याआधीही एकदा सांगणं बरं. हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, छाटायची असेल तर मार्च ते ऑगस्टमध्ये आत घरटं नाही ना, हे आधी पाहा. वापरातलं घरटं मोडणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. रविवारी सकाळी लवकर गवत कापायचं यंत्र लावू नका. बाग नसेल तर कौन्सिलकडे अॅलॉटमेंटसाठी, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीसाठी, नाव घाला. पूर्ण वाफा साधारण २५० चौरस मीटरचा असतो, अर्धाही मिळतो. यादी लांब असते, म्हणून आल्या आल्याच नोंद करा.

खाण्याच्या गप्पा बागेतूनच निघतात. एप्रिल-मेमध्ये शेजारी रुबार्ब या आंबट भाजीचे लाल देठ हातात ठेवतो. फक्त देठ खायचे, पानं विषारी असतात. त्याचा मेथांब्याच्या धर्तीवर सुरेख प्रकार होतो. २५० ग्रॅम देठांचे दोन सेंटीमीटरचे तुकडे करा. दोन चमचे तेलात मोहरी, अर्धा चमचा मेथीदाणे, हिंग, हळद घाला, त्यावर तुकडे आणि मीठ, १२५ ग्रॅम गूळ, एक चमचा तिखट. पाणी अजिबात नको, रुबार्बला स्वतःचंच भरपूर सुटतं. मंद आचेवर आठ-दहा मिनिटांत तुकडे विरघळून दाटसर होतं. भांडं स्टीलचं घ्या, आंबटपणामुळे अॅल्युमिनियम नको. थंड झालं की छोटी बरणी भरून शेजाऱ्याला द्या, “चीजबरोबर खाऊन बघा” म्हणून सांगा, आणि चिठ्ठी चिकटवा: मोहरी आहे, हिंगात गहू आहे. आपल्या डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते आणि ग्लूटेन न चालणाऱ्या माणसाला तेवढीही बाधते. मोहरी इथल्या कायद्याने जाहीर करायच्या १४ घटकांपैकी एक आहे. शेंगदाण्याचं कूट घातलेलं काहीही न सांगता देऊ नका, आणि मुलांच्या शाळेत तर पाठवूच नका.

हिवाळ्यात कुंपण ओस पडतं. डिसेंबरात लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो आणि गप्पा जुन्या सिनेमांवर येतात. वयस्कर शेजाऱ्याला ‘ब्रीफ एन्काउंटर’बद्दल विचारा, १९४५ चा, डेव्हिड लीनचा, त्यातलं स्टेशन म्हणजे लँकेशायरमधलं कार्नफर्थ. तुमच्या बाजूने सांगायला ‘गांधी’ आहे, १९८२ चा. तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथैया कोल्हापूरच्या, भारताला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर, आणि कस्तुरबा साकारणाऱ्या रोहिणी हट्टंगडी यांना इथलाच बाफ्टा हा चित्रपट पुरस्कार मिळाला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरांत ख्रिसमस कार्ड टाका. आत घरातल्या सगळ्यांची नावं सुवाच्य लिहा आणि पुढे कंसात आपला घर क्रमांक. वर्षभर तुमच्याशी बोलणाऱ्या पण नाव पुन्हा विचारायला संकोचणाऱ्या शेजाऱ्याला ते तिथेच मिळतं, आणि त्यांच्या कार्डावरून तुम्हाला त्यांचं.