अँप्लिफायरचा ‘धप्प’ आणि ‘टिक’: आधी मोजा, मग पार्ट बदला

नाशिकला पंचवटीतल्या देवळात पहाटे काकडआरतीसाठी अँप्लिफायर लावला की आधी स्पीकरचा ‘धप्प’ ऐकू येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे शेजारच्या शेडमधली मोटर सुरू झाली की ‘टिक’. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून सरसकट कॅपॅसिटर बदलत सुटण्यात अर्थ नाही. आवाज चालू करताना येतो, बंद करताना, इनपुटची पिन लावताना की मधूनच, हे आधी लिहून ठेवा.

मोजताना स्पीकर काढा आणि त्याच्या जागी ८ ओहम, निदान १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर जोडा. इनपुट शॉर्ट करा. स्कोप (ऑसिलोस्कोप, व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) डीसी कपलिंगवर, २०० मिलिसेकंद प्रति डिव्हिजन, सिंगल मोडमध्ये (एकदाच टिपून थांबणारा), ट्रिगर म्हणजे टिपणं सुरू होण्याची पातळी ५० मिलिव्होल्टला. दर वेळी सप्लायचे फिल्टर कॅपॅसिटर पूर्ण उतरू (डिस्चार्ज होऊ) द्या आणि निदान दहा वेळा चालू-बंद करून सगळ्यात मोठं शिखर धरा. मेनची लाट कुठे असताना स्विच दाबला जातो त्यावर धक्का बदलतो, एका मोजणीवर विसंबू नका. आकडा डीबीव्हीत (१ व्होल्टच्या तुलनेत डेसिबल) लिहा: १ व्होल्ट म्हणजे ० डीबीव्ही, १०० मिलिव्होल्ट म्हणजे उणे २०, १० मिलिव्होल्ट म्हणजे उणे ४०.

स्कोप नसेल तर १० किलोओहम आणि १ किलोओहमच्या विभाजकातून (व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी) साउंड कार्डमध्ये रेकॉर्ड करा. त्याच्या इनपुटला कॅपॅसिटर असतो, त्यामुळे संथ डीसी झुकाव खरा दिसत नाही. आधी-नंतरची तुलना मात्र जमते. ही सोय ब्रिज अँप्लिफायरला (ज्यात स्पीकरचं एकही टोक ग्राउंडला नसतं) चालत नाही. तिथे दोन्ही टर्मिनलवर अर्धा सप्लाय असतो. साउंड कार्डची ग्राउंड किंवा प्रोबची ग्राउंड क्लिप त्यातल्या एकाला लागली की आउटपुट शॉर्ट. स्कोपचे दोन चॅनल लावून वजाबाकी घ्या.

सिंगल सप्लाय बोर्डात (ग्राउंड आणि एकच सप्लाय व्होल्टेज) चालू करतानाचा धप्प बहुतेक वेळा आउटपुट कॅपॅसिटरचा. २४ व्होल्टच्या बोर्डात २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर १२ व्होल्टपर्यंत भरतो आणि तो सगळा प्रवाह स्पीकरमधून जातो. उपाय : कॅपॅसिटरच्या स्पीकरकडच्या टोकापासून ग्राउंडला २२० ओहम, १ वॅट, त्यापुढे रिले (विजेवर चालणारा स्विच), स्पीकर ३ सेकंद उशिराने जोडणारा. टाइम कॉन्स्टंट (कॅपॅसिटर भरण्याच्या वेगाचं माप) जेमतेम अर्धा सेकंद होतो, म्हणजे रिले जोडेपर्यंत तिथे काही दहा मिलिव्होल्टच उरतात. रेझिस्टर न लावता नुसता रिले टाकला तर धप्प जात नाही, ३ सेकंद उशिरा येतो इतकंच.

ड्युअल सप्लायमध्ये (अधिक आणि उणे असे दोन सप्लाय) आधी मल्टिमीटरने आउटपुटचा डीसी पाहा. ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर रिले जोडताना टक् होणारच. हा डीसी, म्हणजे ऑफसेट, आधी सुधारा. टीडीए ७२९४ या अँप्लिफायर चिपमध्ये चालू होताना स्टँडबाय (पिन ९) आधी सुटायला हवा, म्यूट (पिन १०) नंतर. बंद होताना उलट. दोन्ही पिना एकत्र बांधून थेट सप्लायला दिल्या तर चिप चालते, पण हा क्रमच मोडतो.

बंद करतानाचा आवाज जास्त चिवट असतो, कारण स्विच सुटल्यावरही फिल्टरमधल्या साठ्यावर अँप्लिफायर काही क्षण चालतो आणि दोन्ही रेल (अधिक आणि उणे सप्लाय) सारख्या वेगाने उतरत नाहीत. रेल उतरण्याआधीच रिले सुटला पाहिजे. स्पीकरचा रिले चालवणाऱ्या यूपीसी १२३७ या संरक्षण चिपची पिन ४ याचसाठी आहे : तिला ट्रान्सफॉर्मरच्या एसी सेकंडरीवरून संवेदन द्या. मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरनंतरचा डीसी दिला तर वीज गेल्याचं तिला उशिरा कळतं. टीपीए ३११६ चिपच्या क्लास डी (वेगाने चालू-बंद होणाऱ्या आउटपुटच्या) बोर्डात सप्लाय तोडण्याआधी शटडाउन पिन खाली ओढा.

इनपुटची पिन लावताना टिक होत असेल तर इनपुट कॅपॅसिटरच्या सॉकेटकडच्या बाजूला ग्राउंडशी १०० किलोओहम लावा. व्हॉल्यूम फिरवताना चरचर होत असेल तर पॉटवर (व्हॉल्यूमच्या कंट्रोलवर) डीसी तपासा. सापडला तर गळका इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर (डीसी पुढे जाऊ देणारा) काढून १ मायक्रोफॅरडचा फिल्म कॅपॅसिटर बसवा.

मोटरची टिक इनपुट शॉर्ट केल्यावर गेली, तर ती सिग्नलच्या केबलमधून येतेय. शील्ड आणि ग्राउंड पाहा. अँप्लिफायरचा स्वतःचा स्विच टिक करत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसी, एक्स२ छापाचा (मेनवर जोडण्यासाठी सुरक्षित) कॅपॅसिटर आणि १०० ओहम सिरीजमध्ये जोडा. तिथे साधा डीसी कॅपॅसिटर, त्यावर कितीही व्होल्ट लिहिलेले असोत, लावू नका.