शटरवाला टीव्ही घेताय? मग छतावरचं सामानही मागा

जुना, लाकडी सरकत्या शटरचा टीव्ही म्हटलं की लोकांना फक्त खोका दिसतो. आणतात, आतलं सगळं उपसून काढतात आणि त्यात एलईडी बसवतात, नाहीतर मासे सोडतात. तेवढीच हौस असेल तर सरळ सुतार गाठा. पण ज्यांना तो पूर्वीसारखा पूर्ण जमवायचाय आणि काचेवर खरोखर चित्र बघायचंय, त्यांनी अँटेना, वायर आणि सिग्नल वाढवणारा बूस्टरही मिळवावा (चित्रासाठी आता वेगळी युक्ती लागते, ती शेवटी सांगतो). इंदूरच्या रामबागेत मी बरीच वर्षं टीव्ही दुरुस्त केले. तक्रार टीव्हीची असायची आणि दोष पुष्कळदा छतावर सापडायचा.

इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं, याचा त्रास झालाच तर आमच्यासारख्यांना. अडगळ कोणाच्या घरात टिकतच नाही. म्हणून दिवाळीच्या साफसफाईआधी नातेवाइकांना सांगून ठेवा. कचरागाडीपेक्षाही भीती कबाडीवाल्याची. ‘भिया, ताँबे का भाव लगेगा’ म्हणतो आणि योकमधल्या, म्हणजे मानेभोवतीच्या गुंडाळीतल्या, तांब्यासाठी पिक्चर ट्यूबची मानच (मागची निमुळती नळी) मोडतो. ट्यूब गेली की त्या टीव्हीत माझ्या लेखी फारसं काही उरत नाही. वेस्टन, क्राउन, डायनोरा, अपट्रॉन, ईसी, नाव कुठलंही असो, मागचं झाकण उघडायला लावा आणि आधी मान बघा. टोकाशी काचेच्या आत आरशासारखा काळपट-चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे. नमस्कार करून निघा.

अँटेना कुठल्या चॅनेलचा, हे टेपने कळतं. मधल्या वाकवलेल्या नळीची, म्हणजे फोल्डेड डायपोलची, लांबी मीटरमध्ये मोजा आणि १४३ ला त्या आकड्याने भागा. उत्तर साधारण मेगाहर्ट्झमध्ये येतं. २.२ मीटर भरली तर ६५, म्हणजे चार नंबरचा चॅनेल (६१ ते ६८). ७० सेंटीमीटर भरली तर २०४, म्हणजे नऊ नंबर. सगळ्यांत लांब दांडी मागे, आखूड दांड्या स्टेशनच्या दिशेला, अशी मांडणी असायची. लोक उलटा लावायचे आणि बूस्टर विकत घ्यायचे!

नळ्या ॲल्युमिनियमच्या आणि वायर तांब्याची. दोन्ही जिथे जुळतात तिथे पावसाळ्यांनी पांढरी-हिरवी पूड धरलेली असते. स्क्रू काढा, ती जागा घासून चकचकीत करा आणि मध्ये स्टीलचा वॉशर घालून पुन्हा कसा. चपटी दोन तारांची वायर ३०० ओहमची असते. ती लोखंडी पाइपाला चिकटवून बांधू नका, बोटभर लांब ठेवा आणि मध्ये मध्ये पीळ द्या. कडक होऊन तडकली असेल तर बदला. गोल कोॲक्सियल ७५ ओहमची असते. ती वापरलीत तर दोन्ही टोकांना बालून, म्हणजे ३०० आणि ७५ ओहमची जुळणी करणारा छोटा तुकडा, हवा.

आता खोका. घरी आणल्या आणल्या प्लग लावायचा नाही, ही एवढी गोष्ट पाळा. वर्षानुवर्षं बंद राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात. आपल्याकडचा उन्हाळा त्यांना आणखीच सुकवतो. वर फुगलेले किंवा खाली चिकट झालेले काढून टाका. जेल रोडवर नवे मिळतात. मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नाही. उलटी बाजू जोडलीत तर फटाका वाजेल.

मग सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधून टीव्हीत जाईल असा, १०० वॅटचा पिवळा (तारेचा) बल्ब लावून चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. हा बल्ब टीव्हीला वाचवतो, तुम्हाला नाही. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सेटमध्ये चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेन्सला जोडलेली असते. सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणारा एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर चालू सेटमध्ये हात घालू नका. पिक्चर ट्यूबवर १५ हजार व्होल्टच्या आसपास ताण असतो आणि बंद केल्यावरही तो तिथे दबा धरून बसतो. प्लग काढा, पेचकसाला वायर बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या अर्थपट्टीला लावा. मग दुसरा हात पाठीमागे ठेवून पेचकसाचं टोक ट्यूबच्या बाजूच्या रबरी टोपीखाली सरकवा. ‘टक्’ असा आवाज येईल. थोड्या वेळाने पुन्हा एकदा करा, कारण ट्यूब थोडा चार्ज परत गोळा करते.

आवाज आहे पण पडद्यावर उजेड नाही, तर एलओटीच्या (ट्यूबला जास्त व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) भागात शोधा. तो भाग चालू असला की १५,६२५ हर्ट्झची बारीक शिट्टी येते. माझ्या कानांना ती आता ऐकू येत नाही, नातीला बोलावतो. ती कानावर हात ठेवते, म्हणजे ठीक. पडद्यावर नुसती एक आडवी पांढरी रेघ आली तर व्हर्टिकल, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग, गेलं आहे. ब्राइटनेस ताबडतोब उतरवा, नाहीतर ती रेघ काचेवर कायमची उमटते.

चॅनेल बदलायचा खटखट फिरणारा ट्यूनर उघडून कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर लावाल तर वरचा चांदीचा मुलामा जाईल.

राहिला सिग्नल. छतावरच्या अँटेनाला पकडायला जुनं ॲनालॉग प्रक्षेपण आता जवळपास उरलेलं नाही. पण २०१३ च्या सुमारास इंदूरची केबल डिजिटल झाली, तेव्हा केबलवाल्यांचे मॉड्युलेटर, म्हणजे चित्र-आवाज टीव्हीच्या चॅनेलवर चढवणारे डबे, निरुपयोगी झाले. अजूनही एखाद्याच्या माळ्यावर सापडतात. व्हीएचएफचा, म्हणजे २ ते १२ पैकी एखाद्या चॅनेलचा घ्या. सेटटॉप बॉक्सची पिवळी (चित्राची) आणि पांढरी (आवाजाची) पिन त्यात लावा. बाहेर पडणारा सिग्नल टीव्हीला झेपत नाही, चित्र काळवंडतं आणि वाकतं. मध्ये सिग्नल कमी करणारा ३० डीबीचा ॲटेन्युएटर घाला, पुढे बालून आणि मग टीव्ही. मॉड्युलेटर छतावरच्या अँटेनाला मात्र जोडू नका. परवान्याशिवाय प्रक्षेपण हा गुन्हा आहे.

चित्र छान पण आवाजाच्या जागी नुसती खरखर येत असेल तर मॉड्युलेटर बहुधा अमेरिकन पद्धतीचा आहे. त्यात आवाज चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर असतो, आपल्याकडे ५.५ वर. ट्यूनर पिळत बसू नका, मॉड्युलेटर बदला.