सरांचा एच-इंडेक्स किती, हे विचारायच्या आधी विषय कुठला ते विचारा

मावसबहिणीला पीएचडीसाठी गाईड शोधत होतो तेव्हा मीसुद्धा हाच गाढवपणा केला. गुगल स्कॉलर (संशोधकांचे पेपर आणि आकडे दाखवणारी गुगलची साईट) उघडलं, उजव्या कोपऱ्यातला एच-इंडेक्स बघितला, मटेरियल सायन्सवाल्या सरांचा ४५ आणि गणितवाल्या मॅडमचा ११, झालं, मॅडम बाद. नंतर एकाने समजावलं की बाबा रे, हे म्हणजे कसोटीतल्या रन्सची तुलना कबड्डीच्या पॉइंटशी करण्यासारखं आहे. तेव्हापासून प्रोफाईल कसं बघतो ते सांगतो.

आधी एच-इंडेक्स म्हणजे काय ते बोटांवर मोजून बघा. सायटेशन म्हणजे दुसऱ्या पेपरांनी या पेपराचा दिलेला संदर्भ, आणि ज्याच्या किमान एच पेपरांना प्रत्येकी किमान एच सायटेशन आहेत, त्याचा तो सर्वांत मोठा एच. समजा एखाद्याचे सहा पेपर आहेत आणि त्यांना ४०, १८, ९, ६, ५, २ अशी सायटेशन आहेत, तर पाचव्या पेपरला किमान ५ आहेत पण सहाव्याला ६ नाहीत, म्हणून एच ५. आता दुसऱ्याचे ९००, ३, ३, १ असतील तर त्याचा एच फक्त ३, तो ९०० वाला पेपर कितीही गाजलेला असू दे. हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये ही भानगड काढली आणि गंमत म्हणजे जीवशास्त्रवाल्यांचे आकडे फिजिक्सवाल्यांपेक्षा मोठे येतात हे त्याने त्याच पेपरात लिहून ठेवलंय. वाचतं कोण.

मग पहिलं काम, प्रोफाईल खरंच त्याच माणसाचं आहे का ते बघणं. एस. पाटील, ए. कुलकर्णी असल्या नावांचे किती संशोधक असतील विचार करा, आणि स्कॉलर आपोआप पेपर चिकटवत जातं, त्यामुळे भाताच्या रोगांवर काम करणाऱ्याच्या यादीत मधेच अँटेनाचा पेपर दिसला तर समजून जा. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची वेगळी ओळख पटवणारा) १६ आकडी नंबर असेल तर तिथली यादी ताडून बघा. स्कोपसवर (पेपर आणि सायटेशनचा दुसरा एक डेटाबेस) लेखकाचं नाव टाकून शोधणं फुकट आहे, पैसे भरलेलं अकाउंट लागत नाही, आणि तिथला आकडा स्कॉलरपेक्षा कमी दिसला तर घाबरू नका, स्कॉलर थिसिस, पुस्तकं, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीच टाकलेले पेपर) सगळंच मोजतं.

आता खरा मुद्दा, विषय. बायोमेडिकलमध्ये पेपर भराभर येतात, संदर्भांच्या याद्या लांबलचक असतात, माणसंही खूप, त्यामुळे सायटेशन पटापट साठतात. गणितात एका पेपरला वर्षं जातात आणि वाचणारे मूठभर. आणि मोठं काम जर्नलमध्ये असेलच असंही नाही, पेरेलमन नावाच्या गणितज्ञाने पॉइनकारे कंजेक्चर या गाजलेल्या कोड्याची सिद्धता २००२-०३ मध्ये अर्काइव्हवर (arXiv, प्रीप्रिंटची साईट) तीन भागांत टाकली आणि जर्नलकडे पाठवलीच नाही. कॉम्प्युटर सायन्सवाले जर्नलपेक्षा कॉन्फरन्सला जास्त मान देतात, तेव्हा 'जर्नल पेपर कमी दिसतात' म्हणून नाक मुरडू नका. आणि मराठी साहित्य किंवा इतिहासवाल्यांचं तर विचारूच नका, त्यांचं निम्मं काम मराठी पुस्तकांत आणि नियतकालिकांत असतं, ते या डेटाबेसना धड दिसतच नाही.

नावांचा क्रमही विषयागणिक बदलतो. जीवशास्त्रात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं, शेवटचं लॅबच्या मालकाचं, पण गणितात सरळ आडनावाच्या अक्षरक्रमाने लावतात, तिथे पहिलं नाव बघून काही कळत नाही. पार्टिकल फिजिक्स तर वेगळंच जग, २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावर एक पेपर आला त्याला पाच हजारांवर लेखक होते, आता त्या प्रत्येकाच्या खात्यात त्या पेपरची सगळी सायटेशन जमा होतात. म्हणून एच मोठा दिसला की वरचे दहा पेपर उघडून बघा, त्यात स्वतःचं किती, रिव्ह्यू पेपर (इतरांच्या कामाचा आढावा) किती आणि शंभर जणांच्या गर्दीतले किती.

तुलना करायचीच तर त्याच उपविषयातले, साधारण त्याच वर्षी पीएचडी झालेले पाच-सहा जण घ्या. कॉलेजकडे स्कोपसचं सबस्क्रिप्शन असेल तर विषयानुसार तोललेला सायटेशनचा आकडा मिळतो, १ म्हणजे त्या विषयाची जागतिक सरासरी, १.५ म्हणजे दीडपट. पण पेपर चार-पाचच असतील तर एका गाजलेल्या पेपरने हा आकडाही फुगतो.

आणि ती दरवर्षीची बातमी, 'आमच्या कॉलेजचे सर जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत'. ती यादी स्टॅनफर्डच्या इओअनिडिसच्या टीमची, डेटा स्कोपसचा, आणि तशी बरी आहे कारण त्यात १७४ उपविषय वेगळे काढलेत, सेल्फ-सायटेशन (स्वतःच स्वतःच्या पेपराचा दिलेला संदर्भ) वगळूनही आकडे दिलेत. फाईल फुकट डाउनलोड होते. सरांचं नाव शोधा, एकूण रँक सोडा, उपविषयातली रँक बघा, आणि ते नाव पूर्ण करिअरच्या फाईलमध्ये आहे की फक्त एका वर्षाच्या, ते पण बघा, कारण वर्तमानपत्रवाले ते बहुतेक वेळा लिहीतच नाहीत.