उतारावरची शेती: पाऊस सुरू व्हायच्या आधी हे करून घ्या

डोंगरउतारावर शेती असेल आणि खत तेवढंच टाकूनही उत्पन्न दरवर्षी घटत असेल तर लगेच बियाणं बदलायच्या मागे लागू नका, आधी माती बघा. पाऊस वरची बारीक माती पहिली नेतो आणि सेंद्रिय भाग, नत्र, स्फुरद बरंचसं त्यातच असतं, मागे राहतात खडे न मुरूम, त्यात पाणी टिकत नाही, मग चार दिवस उघडीप पडली की पीक माना टाकतं.

आत्ता रान मोकळं आहे तोवर समपातळीच्या, म्हणजे उताराला आडव्या, एकाच उंचीवरच्या रेषा आखून घ्या. मशीन लागत नाही. तीन काठ्या ए आकारात बांधा, वरच्या टोकाला दोरीनं दगड लटकवा, दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका लेव्हलला, तिथं खुंटी ठोका आणि पुढे सरका. खूण बरोबर आहे का ते बघायला सांगाड्याचे पाय अदलाबदल करून त्याच जागी ठेवा, दोरी परत तिथंच यायला हवी.

या रेषांवर बांध घालायचे, पण काम वरून खाली करत या. वरचं पाणी मोकळं ठेवून खाली मोठा बांध घातला की तो जोराच्या पावसात फुटतो, सगळं पाणी त्याच भगदाडातून धावतं आणि घळ पडते. पाऊस खूप असेल तर बांधाला हलका ढाळ आणि गवत लावलेला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, पाहिजेच, नाहीतर पाणी तुंबून मुळं सडतात. कमी पावसात मात्र पाणी मुरू द्या, तिथं फरक लवकर दिसतो.

पहिल्या वर्षी उत्पन्न वाढेलच असं नाही, कारण बांधात जागा जाते. म्हणून बांधावर चाऱ्याचं गवत लावा, बांधही घट्ट होतो.

पुढे बांधाच्या वरच्या अंगाला गाळ साचून पीक हिरवंगार येतं आणि बांधाला लागून खालच्या पट्ट्यात पिवळं, खुरटं. हे बघून लोक बांध मोडायला निघतात तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण इलाज सोपा आहे. शेणखत सगळीकडे सारखं न पसरता त्या खालच्या पट्ट्यात जास्त टाका, तिथं एखादं कडधान्य घ्या.

नांगरट, पेरणी दोन्ही उताराला आडवी. आणि जनावरं बांध तुडवतात, म्हणून काढणीनंतर ती मोकळी सोडायची नाहीत हे शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवा, एकट्यानं राखून जमत नाही.