रूल फान डाउन वाचायचाय? मग अशी सुरुवात करा

प्रोव्हो, म्हणजे साठच्या दशकातली ॲमस्टरडॅमच्या बंडखोर तरुणांची चळवळ, म्हटलं की लोक सगळ्यांनी फुकट वापरायच्या पांढऱ्या सायकली आणि राजकन्या बेआट्रिक्सच्या लग्नातले धुराचे बॉम्ब एवढंच सांगतात आणि तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रूल फान डाउनला हिप्पी ठरवून मोकळे होतात. मला हे खरंच खटकतं. या माणसाने पुस्तकं लिहिली आणि त्यातलंच घेऊन ॲमस्टरडॅमच्या पालिकेत जाऊन बसला, म्हणून त्याची पुस्तकं आणि पालिकेतलं काम शेजारी शेजारी ठेवून वाचा, नुसतं एक धरलं तर अर्धाच माणूस कळतो.

आधी तारखांची एक पट्टी कागदावर लिहून घ्या. जन्म 1943, हेग. 1965 ला प्रोव्हो, 1966 ला पालिका निवडणुकीत त्यांना 45 पैकी 1 जागा, आणि ती एकाने धरून न ठेवता आळीपाळीने वापरली. 1967 च्या मे महिन्यात प्रोव्होने स्वतःच गाशा गुंडाळला तरी जागा चालूच राहिली आणि शेवटी रूलकडे आली. 1970 ला कबाउटर चळवळ, कबाउटर म्हणजे तिकडच्या गोष्टींमधला लाल टोपीवाला बुटका, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ॲमस्टरडॅममध्ये थेट 5 जागा! पुढे 1974 ते 76 तो वेटहाउडर होता, म्हणजे शहराचा कारभार बघणाऱ्या मंडळातला एक, शहरापुरता मंत्रीच म्हणा.

आता पुस्तक. आधी त्याचं 1969 चं घ्या, शहाण्या कबाउटरचा संदेश, त्याचं इंग्रजी भाषांतर आहे, जुन्या पुस्तकांच्या साइटवर शोधा. त्यात तो रशियन विचारवंत क्रोपोटकिनला धरून सांगतो की जगण्यात नुसती स्पर्धा नसते, सहकार्यही तितकंच असतं. वाचताना प्रत्येक कल्पनेपुढे पेन्सिलीने एकच प्रश्न लिहा, हे शहरात कसं करणार? उत्तरं 1970 च्या बातम्यांत मिळतात, कारण कबाउटरांनी रिकामी घरं ताब्यात घेतली, विषारी फवारणी नसलेल्या धान्याभाज्यांची दुकानं काढली, म्हाताऱ्या लोकांना मदत केली, आणि वर पालिकेत भांडले पण.

या बातम्यांसाठी डेल्फर ही डच राष्ट्रीय ग्रंथालयाची साइट वापरा, जुने पेपर तिथे फुकट आहेत. शोधताना वर्ष 1970 लावा आणि कबाउटर हा शब्द डच स्पेलिंगने (kabouter) टाका, नुसतं नाव टाकलं तर ढिगाने भलतंच येतं. मजकूर कॉपी करून ट्रान्सलेटमध्ये टाका पण पानाचा फोटोही बघा, जुन्या छपाईत मशीन अक्षरं चुकवतं.

ॲमस्टेलव्हेनमध्ये आपली बरीच मराठी मंडळी राहतात, तुम्ही त्यातले असाल तर ॲमस्टरडॅमच्या स्पाउ चौकात जा, लिव्हर्जेचा, म्हणजे रस्त्यावरच्या खोडकर पोराचा, छोटा पुतळा बघा, प्रोव्होवाले तिथेच जमायचे. मग आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेच्या वाचनालयात जा, तिथे या चळवळींचे कागद जपलेत, पण आधी कॅटलॉगमध्ये शोधून हवी ती फाइल मागवून ठेवा.

सायकलींची योजना मात्र त्याच्या नावावर लिहू नका हं, ती प्रोव्होतल्याच लूड स्किमेलपेनिंकची.