मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर रिले कसा चालवावा

नागपूरच्या मे महिन्यात कूलरचा पंप टायमरवर टाकायची हुक्की बऱ्याच जणांना येते. मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड (प्रोग्रामने पिना चालू-बंद करणारा छोटा कॉम्प्युटर) आणि ५ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) सीताबर्डीच्या बाजारातून आणला की कुणीतरी सांगतंच, "पिन थेट रिलेला जोड, काही होत नाही." ऐकू नका. नेहमीच्या निळ्या रिलेची कॉइल ७० ओहमच्या आसपास असते, म्हणजे करंट ७० मिलिअँपिअर. आर्डुइनो उनो या बोर्डाची पिन ४० मिलिअँपिअरला मरणाच्या दारात असते. २० च्या वर नेऊच नये. ईएसपी८२६६ या वायफाय चिपच्या पिनची मर्यादा तर १२ च.

मध्ये ट्रान्झिस्टर घाला, म्हणजे पिनच्या थोड्या करंटवर कॉइलचा मोठा करंट चालू-बंद होतो. बीसी५४७ ची कमाल मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे, ती काठावरची कसरत कशाला? बीसी३३७ घ्या. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर ग्राउंडला, कलेक्टर कॉइलच्या एका टोकाला, दुसरं टोक ५ व्होल्टला. पिन ते बेस १ किलोओहम, ३.३ व्होल्टचा बोर्ड असेल तर ४७० ओहम. बेस आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहम, नाहीतर बोर्ड चालू होताना रिले उगाच टकटक करतो.

आता डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. इथेच लोक आळस करतात, कारण डायोडशिवायही रिले चालतो. आज चालतो, उद्याही चालतो. पण ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइलमधला करंट एका क्षणात थांबत नाही. वाट मिळाली नाही तर कलेक्टरवर शंभराच्याही वर व्होल्ट चढू शकतात, आणि बीसी३३७ ४५ व्होल्टचा. मग कधी बोर्ड मध्येच रीसेट होतो, कधी ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन रिले चिकटलेलाच राहतो. माणूस बिचारा प्रोग्राम तपासत बसतो!

१एन४००७ डायोड कॉइलच्या दोन टोकांना समांतर लावा. पांढऱ्या पट्ट्याचं टोक ५ व्होल्टकडे. उलटा लावलात तर रिले ओढायचाच नाही, आणि ट्रान्झिस्टर चालू होताच सप्लाय डायोडमधून शॉर्ट होईल. हात लावून बघायला जाऊ नका, चटका बसतो. आणि डायोड रिलेच्या पायांवरच डाग द्या, ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला नको.

रिलेचे ५ व्होल्ट थेट ॲडाप्टरवरून घ्या, ग्राउंड मात्र बोर्डाशी एकच.

तयार रिले मॉड्यूलमध्ये ट्रान्झिस्टर-डायोड असतातच. फक्त बरीचशी मॉड्यूल्स पिन लो (० व्होल्ट) केल्यावर चालू होतात, ते आधी तपासा.

एवढं करूनही पंप बंद होताना बोर्ड रीसेट होत असेल, तर दोष रिलेच्या कॉन्टॅक्टवरच्या (पंपाची वायर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पट्ट्यांवरच्या) ठिणगीचा. ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेन्सच्या वायरींवर लावायचा) कपॅसिटर आणि १०० ओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घेऊन पंपाच्या दोन वायरींवर लावा. कॉन्टॅक्टवर लावलात तर रिले बंद असतानाही पंपाकडे थोडा करंट झिरपत राहतो, आणि आपला कूलर लोखंडी, हात ओले. २३० व्होल्टची जोडणी मेन स्विच पाडूनच करा, रिलेतून फेजच तोडा, न्यूट्रल नाही, आणि कूलरच्या बॉडीला अर्थिंग आहे का ते टेस्टरच्या भरवशावर न सोडता इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.